पाचवा सभासद

माझ्या बाबांना सगळे कोरमकाका म्हणायचे. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव ठसठशीत अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ती पाटी वाचायची तसदी कुणी घेतली नाही. पोस्टमन दारात उभा राहून विचारायचा, "कोरमकाकांचं टपाल इथंच ना?" आणि बाबा हातातलं काम न सोडता म्हणायचे, "इथंच. या, चहा घ्या."

बाबांचं फ्रेमचं दुकान होतं. फोटो, प्रमाणपत्रं, कुणाच्या लेकीनं केलेलं भरतकाम, जे येईल ते चौकटीत बसवून द्यायचं. लाकडी पट्ट्यांचे कोपरे तिरके कापून ते असे जुळवायचे की सांध्यावरून बोट फिरवलं तरी कळू नये. काच कापताना श्वास रोखून धरायचे आणि त्या वेळी कुणी बोललं तर नुसत्या डोळ्यांनी त्याला गप्प करायचे. एरवी त्यांनी जन्मात कुणाला गप्प केलं नाही. त्यांनाच लोकांनी केलं, आणि त्यासाठी लोकांना फारशी मेहनतही पडली नाही.

दुकानामागे आमचं घर आणि दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, सार्वजनिक वाचनालय. खाली वर्तमानपत्रं, वर पुस्तकं. तिथं माझी आत्या ग्रंथपाल होती. बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहणारी. वाचनालयाचं कार्यकारी मंडळ नऊ जणांचं होतं. नऊ जण निवडून यायचे, एकत्र फोटो काढायचे, तो फोटो बाबा फ्रेम करून द्यायचे आणि त्यानंतर सभेला चारच जण यायचे. सभा कायदेशीर व्हायला मात्र पाच लागायचे. बाबांना मंडळावर घेतलं ते काही विद्वत्तेसाठी नव्हे. रस्ता ओलांडला की माणूस हजर, एवढ्या एका गुणासाठी.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयाचा शिपाई पायरीवर येऊन रस्त्यापलीकडून ओरडायचा, "काका, चार झालेत!" घड्याळात नव्हे, खुर्च्यांवर. बाबा लगेच कटर खाली ठेवायचे, हात पुसायचे, भिंतीवरच्या विक्रीच्या आरशात बघून केसांवरून कंगवा फिरवायचे आणि निघायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी त्याला सांगायचे, "बसा जरा, सभा आहे. मी गेल्याशिवाय सुरू होत नाही."

मी चौथीत असताना त्यांना विचारलं, "बाबा, कोरम म्हणजे काय हो?"

ते म्हणाले, "म्हणजे मी."

आई आतून म्हणाली, "बरोबर सांगितलं. माणूस नको, नुसता आकडा हवा असला की तुझ्या बाबांना बोलवायचं."

आत्याला हे अजिबात आवडलं नाही. शब्दाचा अर्थ कुणी असा थट्टेवारी नेलेला तिला खपायचा नाही. तिनं मला हाताला धरून वाचनालयात नेलं, जाडजूड कोश टेबलावर उघडला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं, "सभा कायदेशीर ठरण्यासाठी हजर असलेच पाहिजेत इतके किमान सभासद. मराठीत गणपूर्ती." अर्थ सांगून ती कधी थांबायची नाही, वाक्यात उपयोगही करून दाखवायची. "कोरम झाला. कोरम भरला नाही. कोरमअभावी सभा तहकूब झाली. आणि हे बघ, नुसता सुरुवातीला भरून चालत नाही. सभा संपेपर्यंत राहायला हवा. मधेच एक माणूस उठून गेला की कोरम मोडला. मग पुढं जे काही ठरवलं ते ठरवलंच नाही असं धरायचं."

"मग बाबांना तिथं काय करावं लागतं?"

"बसावं लागतं."

"बोलावं लागत नाही?"

"लागत नाही," आत्या म्हणाली आणि कोश मिटवला. "पण बोलायला बंदी आहे असं त्यात कुठं लिहिलेलं नाही."

बाबांनी मात्र ती बंदी स्वतःवर घालून घेतली होती. सोळा वर्षांत ते सभेत दोनदा बोलले. एकदा खिडकी लावून घ्यायला सांगितलं, एकदा चहा पुरे म्हणाले. पण शनिवार एकही चुकवला नाही. ताप अंगात असताना मफलर गुंडाळून जाऊन बसले. त्याचा त्यांना केवढा अभिमान! "ठराव कोणीही मांडेल," ते म्हणायचे, "पण पाचवा माणूस नसेल तर त्या ठरावाचा कागद माझ्या फ्रेममागं लावायच्या लायकीचा." मला लहानपणी हे ऐकून ऊर भरून यायचा. मोठी झाल्यावर चीड यायला लागली. आता दोन्ही आठवतं आणि कुठलं खरं धरावं ते कळत नाही.

मंडळावर येणाऱ्या प्रत्येकाला वाचनालयाच्या घटनेची एक पिवळ्या कव्हरची पुस्तिका मिळायची. सगळे नियम त्यात. बाबांनाही मिळाली होती. त्याच सुमाराला त्यांच्या कामाच्या टेबलाचा एक पाय आखूड झाला होता आणि काच कापताना टेबल डुगडुगायचं. बाबांनी ती पुस्तिका दुमडून पायाखाली घातली. अगदी मापाची निघाली. टेबल त्यानंतर कधी हललं नाही.

आत्याची बाब वेगळी. तिला घटना तोंडपाठ होती आणि ती सगळ्यांनी पाळावी अशी तिची भाबडी अपेक्षा होती. वाचनालयाचे अध्यक्ष एक मोठा संदर्भग्रंथ घरी घेऊन गेले, तो दोन वर्षं परत आला नाही. दुसरा कोणी असता तर मूग गिळून बसला असता. आत्यानं त्यांना रीतसर पत्र पाठवलं, पोस्टकार्डावर, जसं ती शाळेतल्या पोरांना पाठवायची तसंच. मग दुसरं. तिसऱ्या कार्डाच्या वेळेपर्यंत पोस्टमनमुळे मजकूर सगळ्या रस्त्याला माहीत झाला होता. ग्रंथ परत आला. पाठोपाठ पुढच्या सभेच्या पत्रिकेवर एक विषय आला: ग्रंथपालांचे सभासदांशी वर्तन, व त्यांना सेवेतून कमी करणे.

आत्या तेव्हा बावन्न वर्षांची होती. एकोणतीस वर्षं तिनं त्या इमारतीची कुलपं उघडली आणि लावली होती. दुसरं काही तिला येत नव्हतं आणि दुसरं काही तिला नकोही होतं.

एरवी कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग आहेत तेवढ्या माणसांत उरकायची, अशी सोय होती. नोकराला काढायचा विषय असेल तर मात्र ती सोय नव्हती. तिथं पाच म्हणजे पाच. आणि पंधरा दिवसांनी मंडळाची मुदत संपत होती. नवं मंडळ येणार, त्यात हे अध्यक्ष असणार नव्हते. म्हणजे तो एक शनिवार टळला असता तर सगळंच टळलं असतं.

त्या सकाळी आत्या नेहमीसारखी चहा पीत बसली होती. कप खाली ठेवून तिनं बाबांना विचारलं, "घटना वाचली आहेस ना रे?"

"पाठ आहे, ताई," बाबा म्हणाले.

"मग झालं," आत्या म्हणाली, पर्स उचलली आणि कामावर गेली.

दुपारी शिपाई ओरडला नाही. रस्ता ओलांडून दुकानात आला, खाली बघत म्हणाला, "काका... चार झालेत."

बाबा उठेनात. आई पडद्याआडून बाहेर आली. "पोटात दुखतंय म्हणून सांगा आणि पडून राहा," ती म्हणाली. तिचं राजकारण नेहमी इतकंच सोपं असायचं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी आईवर उखडले. "पळून कशाला जायचं? चोरी केलीय का आत्यानं? बाबा, तुम्ही जा. जाऊन तोंडावर सांगा त्यांना. निदान विरोधात हात तरी वर करा." मी स्वतः कंगवा काढून त्यांच्या हातात दिला.

बाबा म्हणाले, "हात करतो वर." आणि गेले. मी पाठवलं म्हणून गेले. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सभेत काय झालं ते शिपायानं नंतर सांगितलं. अध्यक्ष बराच वेळ बोलले. बाकीचे तिघं माना डोलवत होते. आत्या टेबलाच्या टोकाला सभेचं रजिस्टर घेऊन बसली होती, कारण इतिवृत्त लिहिणं ग्रंथपालाचंच काम होतं. स्वतःला काढण्याचा ठराव ती स्वतःच्या हातानं लिहीत होती. लिहिणाऱ्यानं सभेत बोलायचं नसतं, तशी ती बोलली नाही. मात्र अधूनमधून मान वर करून बाबांकडे बघत होती. "लई वेळा बघितलं हो बाईंनी," शिपाई म्हणाला. "मलाच कसंतरी झालं." बाबांनाही ते दिसत होतं. आपण बोलावं असं ताईला वाटतंय, असं त्यांना वाटलं. मतदान झालं. बाजूनं चार हात. "विरोधात?" असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा बाबांचा हात गुडघ्यावरून उठला, चष्म्यापर्यंत गेला, चष्मा नीट केला आणि खाली आला. अध्यक्ष म्हणाले, "लिहा बाई, एक तटस्थ."

आत्या सहाला घरी आली. किल्ल्या देऊन आली होती, त्यामुळे पर्स हलकी झाली होती आणि ती सारखी खांद्यावरून घसरत होती. तिनं हातपाय धुतले आणि आईला विचारलं, "भाजी चिरायची आहे का?"

बाबांनी त्या आठवड्यात मंडळाचा राजीनामा दिला. नवं मंडळ आलं, पण त्यांना तयार झालेला ठराव उकरून काढायची हौस नव्हती. आत्या दुकानात यायला लागली. सकाळी झाडून घ्यायची, मग फ्रेमच्या पाठीला खाकी कागद चिकटवायची आणि गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी इतक्या सुंदर अक्षरात लिहायची की लोक ती उलटी बाजूच दाखवत फिरायचे. अकरा वर्षं दोघं शेजारी शेजारी बसली. त्या शनिवारचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. काढायची ती मीच.

"एक हात वर करता आला नाही तुम्हाला," मी भांडणात म्हणायचे. भांडण डाळीत मीठ कमी असल्यावरून असलं तरी मी तिथं येऊन पोचायचे.

बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "करायला हवा होता. पण चाराविरुद्ध एक झाला असता, पोरी. ठराव मंजूरच झाला असता." ते हे शांतपणे म्हणायचे. त्या एका हिशेबावर त्यांनी अकरा वर्षं काढली, असं आता वाटतं. लाज होती, पण तिला तळ होता.

आत्या मागच्या वर्षी गेली. आजारपण फार नव्हतं. जायच्या आदल्या आठवड्यापर्यंत खाकी कागद कापत होती.

यंदा वाचनालय नव्या इमारतीत गेलं आणि जुनी, ओल आलेली रजिस्टरं त्यांनी टाकून द्यायला काढली. शिपाई आता निवृत्त झालाय, पण जुन्या सवयीनं तिथं घुटमळत असतो. तो एक गठ्ठा काखोटीला मारून दुकानात आला. "काका, पुठ्ठे बघा कसले दणकट आहेत. फ्रेमच्या पाठीला होतील." बाबांनी खूश होऊन ठेवून घेतले. मी पुठ्ठे उसवायला बसले आणि दुसऱ्याच रजिस्टरात आत्याचं अक्षर निघालं.

ते पान मला शोधावं लागलं नाही. रजिस्टर तिथंच उघडलं. वर तारीख, सभा सुरू झाल्याची वेळ चार, मग "हजर सभासद" आणि पाच नावं. खाली विषय, अध्यक्षांचं सगळं भाषण आणि ठराव. मी वाचत गेले आणि माझा पारा चढत गेला. ठरावाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, "नियम चौदानुसार कोणाही सभासदाने सभात्याग केला नाही."

नियम चौदा काय होता? मला माहीत नव्हतं. मग आठवलं, तो कुठं आहे ते. मी टेबलाचा कोपरा उचलला, पायानं पुस्तिका बाहेर ओढली आणि झटकली. दुमडलेली, पायाचा चौकोनी ठसा उमटलेली, पण आतली पानं कोरी करकरीत. मी नियम चौदा मनात वाचला. तिथं मी तोंड आवरायला हवं होतं. पुस्तिका परत पायाखाली सरकवली असती तर म्हाताऱ्या माणसाचं काय बिघडलं असतं? पण माझ्या अंगात तो शनिवार पुन्हा शिरला होता. मी मोठ्यानं वाचलं.

"सभेपुढील विषयाशी ज्या सभासदाचा नात्याने संबंध असेल त्याने तसे स्वतः सांगून सभेतून उठून जावे. असा उठून गेलेला सभासद कोरममध्ये मोजला जाणार नाही."

बाबा पट्टीला खिळा मारत होते. हातोडी वरच राहिली.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज उतरला, कारण वाचता वाचता मलाही ते नीट कळत गेलं. हात वर करायची गरजच नव्हती. बोलायची तर अजिबात नव्हती. भाऊ आहे, एवढं म्हणून उठायचं होतं. खुर्ची मागं सरकवून दारातून बाहेर पडायचं होतं, बस. चार उरले असते आणि सभा तिथंच संपली असती. आणि ज्या पोरीनं त्यांना कंगवा देऊन तिथं पाठवलं होतं, ती अकरा वर्षं त्यांना हातावरून बोलत राहिली.

"ताईनं विचारलं होतं," बाबा म्हणाले. "घटना वाचलीस का म्हणून. मी म्हटलं पाठ आहे."

"बाबा, राहू दे आता. माझंच चुकलं. मीच तुम्हाला—"

"रजिस्टर दे इकडं."

त्यांनी पान खिडकीकडे धरलं. मी ते वाचलं होतं, त्यांनी ते बघितलं. चाळीस वर्षं सांधे जुळवलेल्या माणसाची नजर. त्यांचं बोट नावांच्या यादीवरून खाली आलं आणि पाचव्या ओळीवर थांबलं.

"हे नंतर बसवलंय," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. चार नावं निळ्या शाईत होती. सगळं इतिवृत्त निळ्या शाईत होतं. शेवटच्या ओळींपाशी आत्याच्या पेनातली शाई संपली असणार. "ठराव बहुमताने मंजूर, एक तटस्थ" हे काळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं, ज्या पेननं खाली अध्यक्षांनी सही केली होती त्याच. नियम चौदाचं वाक्यही काळं. आणि वर, यादीत, निळ्या पाचाच्या आकड्यापुढं बाबांचं नाव काळ्या शाईत होतं.

म्हणजे तिनं सुरुवातीला पाच हा आकडा घातला आणि पुढं काहीच लिहिलं नाही. अध्यक्ष बोलत होते तोवर ती ओळ कोरी होती. मतदान झालं तोवर कोरी होती. ती मान वर करून बघत होती ते त्यासाठी.

"सभा किती वाजता संपली?" बाबांनी विचारलं.

मी बघितलं. "पाच वाजून दहा मिनिटं."

"सत्तर मिनिटं," बाबा म्हणाले. "सत्तर मिनिटं तिनं माझी जागा रिकामी ठेवली."

त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं, तर टेबल डुगडुगलं. पुस्तिका माझ्या हातातच होती. बाबांनी स्टूल मागं सरकवलं आणि ते उठले. मला वाटलं पाणी प्यायला उठले, पण ते कुठं गेले नाहीत. दोन्ही हात मांड्यांना टेकवून, वाचनालयाच्या बंद दाराकडे तोंड करून नुसते उभे राहिले.

"बसा ना बाबा," मी म्हटलं.

ते बसले नाहीत.